पायाला मुंग्या, तळव्यांची आग : ताटात काय घ्यायचं?



"रात्री तळव्यांची आग होते, चादर लागली तरी सहन होत नाही." "बोटांना मुंग्या येतात, सुई हातातून निसटते." खांदा कॉलनीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या गटांच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले, वहीवर सह्या झाल्या, की हा विषय निघतोच. कुणी म्हणतं वात आहे. कुणी म्हणतं वयच झालं आता. कुणी तेलाची बाटली सुचवतं. आणि शेवटी सगळ्या एकच विचारतात, खायचं काय आणि टाळायचं काय?

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. नसांचं दुखणं बरं करेल असा एकही पदार्थ नाही. तसं सांगून कुणी पावडर, काढा किंवा महागडा डबा विकत असेल तर पैसे देऊ नका. पण आपल्याकडे नसा बिघडण्याची जी दोन मोठी कारणं आहेत, रक्तातली वाढलेली साखर आणि बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता, त्या दोन्हींचा रोजच्या जेवणाशी सरळ संबंध आहे. म्हणून आधी कारण शोधायचं आणि मग ताट बदलायचं. आपण नेमकं उलटं करतो.

ही नस कोणती?

आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो. इथली नस म्हणजे मज्जातंतू, निरोप नेणारी तार. घरातल्या विजेच्या वायरला बाहेरून प्लास्टिक असतं तसंच या तारांवरही एक आवरण असतं. ते नीट राहायला बी-१२ लागतं. आवरण झिजलं की निरोप चुकीचे जायला लागतात. काही लागलेलं नसताना टोचतं, आग होते, नाहीतर काहीच कळेनासं होतं. साखरेचं काम वेगळं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की ती नसांना आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना खराब करते. सगळ्यात लांब नसा पायाच्या, म्हणून त्रास पायाच्या बोटांपासून सुरू होतो. बहुतेक वेळा दोन्ही पायांना, आणि मोजे घातल्यासारखा वर चढत जातो.

सगळंच दुखणं असं नसतं. कमरेतून एकाच पायात कळ जात असेल तर मणक्याकडे बघावं लागेल. पापड लाटणाऱ्या, शिलाई करणाऱ्या ताईंना रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन-तीन बोटांना मुंग्या येत असतील तर बऱ्याचदा मनगटात नस दाबलेली असते. तिथे जेवण बदलून फार फरक पडत नाही, मनगटाला विश्रांती आणि डॉक्टर लागतात. थायरॉईडमुळेही असं होतं. नागीण होऊन गेल्यावर त्या जागी महिनोन्‌महिने आग राहू शकते. आणि अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्यावर स्पर्श कळत नसेल, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची औषधं मोफत मिळतात आणि वेळेत घेतली तर पूर्ण बरं होतं. आपल्या पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवनात या आजारावर इतकी वर्षं काम झालं आहे, त्यामुळे आपल्या भागात तरी चट्टा लपवायची वेळ कुणावर येऊ नये.

तेव्हा पहिलं काम डॉक्टरांना दाखवून रक्त तपासणं. साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२. साखरेची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. बी-१२ ची तिथे होते का, हे आधी विचारून घ्या. बाहेर ती थोडी महाग पडते, पण वर्षभर तेलाच्या बाटल्यांवर जातात तेवढे पैसे लागत नाहीत. आणि अडचण असेल तर गटाचं अंतर्गत कर्ज अशाच वेळेसाठी असतं.

बी-१२ : आपल्या ताटातली कमतरता

हे जीवनसत्त्व झाडापाल्यातून मिळत नाही. दूध, दही, ताक, पनीर, अंडी, मासे आणि मटण-चिकन यांतूनच मिळतं. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागतं. अगदी चिमूटभराच्याही कितीतरी खाली. तरीही ते कमी पडतं.

किती कमी पडतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तपासलेल्या गरोदर बायकांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. या शेतात राबणाऱ्या, तुमच्याआमच्यासारख्या बायका होत्या.

"पण ताई, आम्ही तर माळकरी नाही, आम्ही सगळं खातो." हे मी खूपदा ऐकते. मग विचारते, गेल्या आठवड्यात कितीदा खाल्लं? आणि तुमच्या वाट्याला काय आलं? घरात बांगडा आणला की मधले तुकडे पुरुषांना आणि मुलांना, बाईच्या ताटात डोकं-शेपूट आणि कालवण. हिवाळ्यात वालाच्या शेंगांची पोपटी लावतो, त्यातली अंडी कोण खातं ते यंदा जरा मोजून बघा. दुधाचंही तेच. मुलांना पेला, सासऱ्यांना पेला, उरलेलं चहाला. चहातलं दोन चमचे दूध म्हणजे दूध प्यायलो असं होत नाही. मला विचाराल तर आपल्या भागात बायकांच्या नसा दुखण्याचं एक कारण स्वयंपाकघरातल्या या वाटणीत आहे, आणि ते कुठल्याही गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आता हिशोब. एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम बी-१२ असतं. अर्धा लिटर दुधात दोनच्या आसपास. म्हणजे फक्त दूधदुभत्यावर असणाऱ्या ताईला दिवसभरात दोन मोठे पेले दूध, किंवा तेवढ्याच दुधाचं दही-ताक हवं. एवढं रोज कितीजणींना मिळतं? मासे खाणाऱ्यांचं मात्र सोपं आहे. आपल्याकडे बांगडा, तारली, शिवल्या, कालवं यांत बी-१२ भरपूर असतं. आठवड्यातून दोन-तीनदा स्वतःच्या वाट्याचा नीट तुकडा घेतला तरी मोठा फरक पडतो. पापलेट-सुरमईच हवी असं नाही, नसांच्या दृष्टीने स्वस्त बांगडा कमी नाही. पावसाळ्यात सुकट, जवळा, सुके बोंबील चालतात, पण त्यात मीठ फार असतं. बीपी असेल तर कोमट पाण्यात भिजवून दोनदा धुऊन घ्या. आणि एक उकडलेलं अंडं वडापावपेक्षा स्वस्त पडतं, हे बैठकीच्या नाश्त्याच्या वेळी लक्षात ठेवा.

शेवग्याचा पाला, पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, आंबवलेली इडली हे सगळं चांगलंच. पण त्यातून भरवशाचं बी-१२ मिळत नाही. जी ताई दूधही घेत नाही, तिला डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावीच लागेल, त्यात कमीपणा काही नाही.

"मी तर आयुष्यभर असंच जेवले, मग आत्ताच कसं झालं?" याचं उत्तर यकृतात आहे. बी-१२ चा साठा यकृतात असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो. आवक कमी असली तरी बरीच वर्षं कळत नाही. साठा संपत आला, आणि वयामुळे पोटातून ते शोषलं जाणंही कमी झालं, की त्रास दिसायला लागतो. कमतरता जास्त असेल तर नुसत्या जेवणाने भरून निघत नाही. इंजेक्शन किंवा गोळ्या लागतात. जेवण त्यानंतरचा साठा टिकवतं. जितका उशीर, तितकं पूर्ण बरं होणं अवघड, म्हणून वर्ष-दोन वर्षं अंगावर काढू नका.

गोळ्यांबद्दल चार शब्द

मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेतली तर बी-१२ कमी होऊ शकतं. रोज सकाळी घेतली जाणारी 'गॅसची गोळी' सुद्धा तेच करते. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करायची नाही. डॉक्टरांना एवढंच विचारायचं, "माझं बी-१२ तपासायचं का?" गॅसची गोळी मात्र कुणी, कधी आणि किती दिवसांसाठी लिहून दिली होती, ते आठवून बघा.

मेडिकलमधून 'नसांची गोळी' मागून वर्षभर खाणं बरं नाही. त्यात बी-६ जास्त प्रमाणात असेल आणि ते महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात, मुंग्या वाढतात. नुसती फॉलिक ॲसिडची गोळी घेतली तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ ची कमतरता आत लपून राहते. नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं.

साखर असेल तर

मधुमेह असलेल्या ताईंसाठी नसांचं सगळ्यात चांगलं औषध म्हणजे ताब्यात असलेली साखर. भात बंद करा, असं मी म्हणणार नाही. पनवेल-उरण पट्ट्यात ते कुणी ऐकणारही नाही. ताटाचे भाग बदला. अर्धं ताट भाजी-कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, मासा किंवा अंडं, आणि उरलेलं पाव ताट भात किंवा भाकरी. 'किंवा' वर बोट ठेवा. "मी भात सोडला, फक्त भाकरी खाते," असं सांगणाऱ्या ताई तांदळाच्या तीन भाकऱ्या खातात. तो भातच झाला, फक्त थापलेला. नाचणीची भाकरी चांगली, तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं, पण तिनेही साखर वाढते, म्हणून मोजूनच.

चहा पाच वेळा आणि प्रत्येक कपात दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला दहा चमचे, जवळजवळ ५० ग्रॅम. गूळ घातला तरी हिशोब बदलत नाही. उपवासाला साबुदाणा आणि बटाटा खाल्ला की साखर चढते. उलट काहीच न खाता मधुमेहाच्या गोळ्या घेतल्या तर ती एकदम उतरू शकते, हात थरथरतात, घाम फुटतो, चक्कर येते. श्रावण सुरू होण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्या. मेथी, कारलं खाल्लं तर हरकत नाही, पण गोळी चालूच ठेवायची. किडनीचा त्रास असेल तर डाळ, दूध, मासे किती घ्यायचे, हे डॉक्टरांनाच विचारा.

तांदळाबद्दल एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८९० च्या दशकात जावा बेटावर आइकमान नावाच्या डच डॉक्टरने पाहिलं की पांढराशुभ्र सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात, आणि न सडलेला तांदूळ दिला की सावरतात. तांदळाच्या कोंड्यात नसांना लागणारं बी-१ असतं, हे त्यातून पुढे कळलं. या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल मिळालं. आपल्या कोकणातला उकडा तांदूळ या बाबतीत शहाणा. भात उकडताना कोंड्यातलं बी-१ दाण्यात मुरतं. पांढरा तांदूळच आणत असाल तर चार-चार पाण्यांनी चोळून धुऊ नका आणि जास्तीचं पाणी ओतून देऊ नका.

घरात रोज दारू पिणाऱ्याच्या पायांना मुंग्या येत असतील तर नसांवर दारूचा घाव बसलेला असू शकतो, आणि तिथे दारू थांबल्याशिवाय जेवणाने काही होत नाही. आणि आपली मिश्री? ती रक्तवाहिन्या आवळते, आधीच उपाशी असलेल्या नसांचं रक्त अजून कमी करते. दात घासायची म्हणून ती औषध होत नाही.

बधिर पाय सांभाळा

पायाला कळत नसेल तर गरम पाण्याचा शेक देऊ नका. पाणी किती गरम आहे ते पायाला समजत नाही आणि फोड येतात. पाणी कोपर बुडवून बघा. अनवाणी फिरू नका. लावणीच्या दिवसांत शेतातून आलं की पाय धुऊन, बोटांच्या बेचक्यांत कोरडे करून, उजेडात तळवे बघायचे. स्वतःला दिसत नसतील तर मुलीला सांगा. जखम दिसली की दुखत नसली तरी लगेच दवाखाना.

तोंड अचानक वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय गळाला किंवा बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करायचा. कंबरदुखीबरोबर लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

पुढच्या बैठकीसाठी

प्रत्येक ताईने आदल्या दिवशी स्वतः काय खाल्लं ते आठवून यायचं, घरच्यांनी काय खाल्लं ते नाही. दूध, दही, ताक, अंडं, मासा यांपैकी काय काय पोटात गेलं, ते सचिव ताईंनी वहीच्या मागच्या पानावर नावापुढे टिपायचं. ज्यांच्या नावापुढे काहीच नाही आणि ज्यांना मुंग्याही येतात, त्यांनी हात वर करायचा. त्यांना दवाखान्यात घेऊन जायला गटातल्या कोण दोघी जाणार आणि कुठल्या दिवशी, हे तिथेच ठरवा. त्या दिवशीच्या नाश्त्याला बिस्किटांऐवजी उकडलेली अंडी किंवा ताक ठेवा, माळकरी ताई किती आहेत ते आधी विचारून.