आधी धातू ओळखा

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी आजोबांची बुलेट चमकवायला घेतली. गाडी १९८६ ची, साडेतीनशे सीसीची. फौजेतून निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी ती घेतली होती. गुडघे दुखू लागल्यापासून ती पडवीतच उभी होती. शाळेत रोज बेल्टचे बक्कल ब्रासोने घासणाऱ्या मला वाटले, यात काय अवघड आहे?

तिथेच चुकलो. हेडलाइटच्या रिंगवर गंजाचे ठिपके होते. मी खरखरीत पॉलिश पेपर घेतला आणि जोर लावून घासले. ठिपके गेले, पण चमकही गेली. खालचे पिवळसर निकेल दिसू लागले आणि एका जागी तर लोखंडच उघडे पडले. आजोबांनी रिंगवर अंगठा फिरवला आणि एवढेच विचारले, "घासण्याआधी धातू कोणता ते बघितलंस का?"

बघितले नव्हते. लोखंडी रिंगवर निकेलचा थर असतो आणि त्यावर क्रोमचा. हा क्रोमचा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. एकदा घासून गेला की तो पॉलिशने परत येत नाही. पुन्हा प्लेटिंगच करावे लागते.

मग आजोबांनी पहिल्यापासून शिकवले.

ओळख : लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे. वर निळसर झाक असेल तर ते क्रोम. चिकटला नाही आणि पॉलिश लावून घासल्यावर फडके काळे झाले, तर बहुधा उघडे अॅल्युमिनियम. बुलेटच्या इंजिनाची बाजूची झाकणे अॅल्युमिनियमची असतात.

अॅल्युमिनियम : आधी तेलकटपणा काढून साबणाच्या पाण्याने धुवा. कॉस्टिक सोडा वापरू नका; तो हा धातू खातो. मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून ४००, ६००, ८००, १२०० या क्रमाने घासा. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदला. आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घेऊ नका. शेवटी मेटल पॉलिश आणि मऊ सुती फडके.

क्रोम : पॉलिश पेपर नाही, तारेचा ब्रश नाही. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल चुरगळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने वरवरचा गंज निघतो आणि थर टिकतो. नंतर पुसून, कोरडे करून मेण लावा.

एक झाकण उजळायला मला दोन दिवस लागले. घाईत ६०० चा कागद वगळला, तेव्हा ओरखडे उन्हात लख्ख दिसले आणि आजोबांनी पुन्हा ४०० पासून सुरुवात करायला लावली.

रिंग नवी आणू, असे मी म्हटले. आजोबा म्हणाले, "राहू दे. मला चालते." आम्ही उघड्या जागेवर मेण लावले आणि ती तशीच बसवली.

आता परेडच्या आदल्या रात्री ज्युनिअर ब्रासोचा डबा मागायला येतो, तेव्हा मी आधी त्याची बटणे बघतो. पितळ ब्रासोने उजळते. सोनेरी अॅनोडाइज्ड बटणांचा मात्र त्याने रंग उडतो. बटणे बघून झाली की मगच डबा देतो.