महामार्गाचे वळण आणि वेगाचा वर्ग

१२ ऑगस्ट २०२३ रोजी पुण्याच्या चांदणी चौकातील नवी बहुस्तरीय रचना वाहतुकीला खुली झाली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. अशा प्रसंगी वर्तमानपत्रांत आकाशातून घेतलेली छायाचित्रे येतात. त्यांत सरळसोट महामार्ग दिसतो आणि त्याच्या बाजूला कोणी दोरीची वेटोळी टाकून ठेवावीत तसे गोल फिरलेले रस्ते दिसतात. यांना इंटरचेंज म्हणतात. जो रस्ता वेगासाठी बांधला त्यालाच ही वेटोळी कशासाठी? आणि त्या वेटोळ्यांच्या तोंडाशी एकदम ‘४०’ ची पाटी का?

याचे उत्तर शोधायला लांब जायला नको. सांगली जिल्ह्यातील पेठ नाका घ्या. पुणे–बंगळूर महामार्ग येथून उत्तर-दक्षिण जातो. शिराळ्याकडील रस्ता पश्चिमेकडून येतो आणि सांगलीचा रस्ता पूर्वेकडे निघतो. आता कागदावर असाच एक साधा चौक काढा. त्यात पूल नाही आणि सिग्नलही नाही असे समजा. प्रत्येक बाजूने येणारे वाहन डावीकडे, उजवीकडे किंवा सरळ जाऊ शकते. म्हणजे एकूण १२ मार्ग झाले. हे बाराही मार्ग रेघांनी काढा आणि रेघा एकमेकींना कोठे भेटतात ते मोजा. आठ ठिकाणी वाटा फुटतात, आठ ठिकाणी मिळतात आणि सोळा ठिकाणी एकमेकींना आडव्या छेदतात. टकरीची शक्यता असलेल्या अशा एकूण ३२ जागा भरतात. त्यांतील १६ छेद सर्वांत घातक, कारण तेथे एक वाहन दुसऱ्याच्या कुशीवर आदळते. ही आकृती शिक्षकांनी फळ्यावर अवश्य काढून घ्यावी. पाच मिनिटांचे काम आहे, पण मुलांना चौक कळतो तो तेव्हाच.

एक रस्ता पुलावर उचलला की सरळ जाणाऱ्यांचे आपसांतील छेद नाहीसे होतात. प्रश्न उरतो तो वळणाऱ्यांचा, आणि आपण डावीकडून चालत असल्यामुळे विशेषतः उजवीकडे वळणाऱ्यांचा. स्वस्तातला उपाय म्हणजे महामार्गाच्या दोन्ही अंगांना तिरपे उतार काढून ते खालच्या रस्त्याला मिळवणे. वरून पाहिले तर हा आकार शंकरपाळ्यासारखा दिसतो. आपल्या भागात हाच प्रकार जास्त आढळतो. यात खालच्या रस्त्यावर काही छेद शिल्लक राहतात. तीनच रस्ते मिळत असतील तर तुतारीच्या आकाराची रचना करतात. चार रस्ते असतील आणि एकही छेद नको असेल तर चार पाकळ्यांच्या फुलाची रचना. हिचे पेटंट अमेरिकेतील आर्थर हेल यांना १९१६ मध्ये मिळाले. तिची युक्ती मजेदार आहे. उजवीकडे जायचे असेल तर आधी पूल ओलांडून पुढे जायचे आणि मग डावीकडेच तीन चतुर्थांश वर्तुळ फिरायचे. २७० अंश डावीकडे वळणे म्हणजेच ९० अंश उजवीकडे वळणे, हे भूमिती शिकलेल्यास सांगायला नको. सोळाही छेद गेले! मात्र त्यांच्या बदल्यात एक घट्ट वळण पदरात पडले. (दोन पाकळ्यांच्या मधल्या तुकड्यात येणारी व जाणारी वाहने एकमेकांच्या वाटेत येतात, हा या फुलाचा दुसरा दोष.)

आता वळणाचे पदार्थविज्ञान पाहू. वर्तुळावर फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारे बल लागते. त्याचे मूल्य वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. गाडीला हे बल दोन मार्गांनी मिळते. एक म्हणजे टायर व रस्ता यांमधील घर्षण, आणि दुसरा म्हणजे रस्त्याच्या बाहेरच्या कडेला दिलेला उठाव. आपल्या देशात रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था म्हणजे १९३४ मध्ये स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस. तिचे अभियंते हेच समीकरण असे लिहितात:

उठाव + घर्षण = वे² ÷ (१२७ × त्रि)

येथे ‘वे’ हा ताशी किलोमीटरमधील वेग आणि ‘त्रि’ ही मीटरमधील त्रिज्या. १२७ ही संख्या पाहून बिचकू नका. गुरुत्वत्वरण ९.८ ला ३.६ च्या वर्गाने गुणून पाहा. वस्तुमान दोन्ही बाजूंनी निघून गेले आहे, हेही ध्यानात घ्या. सपाट मुलुखात उठाव जास्तीत जास्त ०.०७ आणि घर्षण ०.१५ धरतात. दोन्ही मिळून ०.२२. यावरून ताशी १०० किलोमीटरला किमान ३६० मीटर त्रिज्या लागते, तर ४० ला ६० मीटर पुरते. पाटीवरचा ४० हा आकडा कोणा साहेबाच्या मर्जीने आलेला नाही. तो त्या वळणाच्या त्रिज्येत आधीच आहे.

मग पाकळी मोठीच का करू नये? हिशेब करू. ६० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ११,३०० चौरस मीटर, म्हणजे पावणेतीन एकरांहून थोडे अधिक. चार पाकळ्यांचे ११ एकर. त्रिज्या दुप्पट केली तर क्षेत्रफळ चौपट, म्हणजे ४५ एकर होते. आणि वेग किती वाढतो? ४१ वरून ५८. तोही दुप्पट करायचा असेल तर त्रिज्या चौपट व जमीन सोळापट लागेल. कृष्णाकाठच्या बागायतीत ४५ एकर म्हणजे कित्येक कुटुंबांची शेती. थोडक्यात, चालकाने काही सेकंद वेग कमी करायचा की शेतकऱ्याने जमीन सोडायची, असा हा सौदा आहे. माझ्या मते चालकाने ब्रेक दाबणे केव्हाही स्वस्त.

तो ब्रेक मात्र वळणापूर्वी दाबायला हवा. १०० वरून ४० वर येताना गतिज ऊर्जा १६ टक्क्यांवर येते, म्हणजे ८४ टक्के ऊर्जा आधीच टाकून द्यावी लागते. वेग दर सेकंदाला सेकंदी २ मीटरने कमी केला तर त्यासाठी सुमारे १६० मीटर लागतात. म्हणून फाट्याच्या अलीकडे एक जादा मार्गिका जोडलेली असते. टायरची पकडही एकच असते. तीच वळायला आणि तीच थांबायला वापरावी लागते. ऐन वळणात जोराने ब्रेक दाबला की वळण्यासाठी पकड उरत नाही.

उठाव ७ टक्क्यांवरच का थांबवतात, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतील. पूर्ण उठाव दिला तर घर्षणाची गरजच उरणार नाही! पण त्याच रस्त्यावर बैलगाडीही असते आणि उसाने भरलेली, बंद पडलेली ट्रॉलीही असते. थांबलेल्या वाहनाला केंद्रगामी बल लागत नाही. त्याला तो नुसता आडवा उतार असतो. पावसात ते आत घसरेल, उंच भार असेल तर कलंडेल. म्हणून आपले अभियंते उठाव ठरवताना नियोजित वेगाच्या तीन चतुर्थांशच वेग हिशेबात धरतात. घाटात, जेथे बर्फ पडत नाही तेथे, १० टक्क्यांपर्यंत जातात. सात टक्के हा आकडा लहान वाटतो, पण तीन मार्गिकांच्या साडेदहा मीटर रुंदीवर बाहेरची कडा आतल्या कडेपेक्षा ७३ सेंटिमीटर उंच होते.

वस्तुमान समीकरणातून निघून गेले, पण भाराची उंची जात नाही. हंगामात साखर कारखान्याकडे निघालेला उसाचा ट्रक डोळ्यांपुढे आणा. वळणावर गाडी बाहेरच्या चाकांभोवती उलटू पाहते. उलटवणारे परिबल गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असते, आणि सावरणारे परिबल चाकांमधील निम्म्या अंतरावर. सपाट रस्त्यावर ‘वे² ÷ (१२७ × त्रि)’ ही राशी ‘निमे अंतर ÷ उंची’ पेक्षा जास्त झाली की गाडी उलटते. मोटारीसाठी निमे अंतर ०.७५ आणि उंची ०.५५ मीटर धरू. भागाकार १.३६ येतो. कोरड्या रस्त्यावर घर्षण ०.७ च्या आसपास असते, म्हणून मोटार उलटण्याआधी घसरते. उसाच्या ट्रकसाठी ०.९ आणि २.२ मीटर धरा. भागाकार फक्त ०.४१. त्यात उठावाचे ०.०७ मिळवले तर ०.४८. आता ६० मीटरच्या पाकळीवर ताशी ६० किलोमीटर वेग घालून पाहा: ३६०० भागिले ७६२०, म्हणजे ०.४७. ट्रक उलटण्याच्या काठावर आला! चालकाने वेग दीडपट केला असे त्याला वाटते, पण वळणाने मागितलेले बल सव्वादोन पट झालेले असते. अर्धा भरलेला दुधाचा टँकर तर याहून अवघड, कारण त्यातले दूध स्वतःच बाहेरच्या अंगाला चढते.

हे सारे एकत्र पाहायचे तर सातारा जिल्ह्यातील खंबाटकी घाट. या घाटातील जुन्या बोगद्यातून साताऱ्याहून पुण्याकडे उतरलेल्या कोणालाही पुढचे इंग्रजी ‘एस’ च्या आकाराचे वळण आठवत असेल. असे वळण साध्या वळणापेक्षा कठीण का? पहिल्या अर्ध्या भागात एक कडा उंच हवी, दुसऱ्या अर्ध्यात दुसरी. मध्ये कोठे तरी रस्ता सपाट होऊन उलट्या बाजूला कलला पाहिजे, आणि त्यासाठी पुरेशी लांबी लागते. सरळ रस्त्यातून एकदम वर्तुळात शिरता येत नाही. स्टीअरिंग हळूहळू फिरते, तशी रस्त्याची वक्रताही हळूहळू वाढावी लागते. या जोडतुकड्याला संक्रमण वक्र म्हणतात. एस वळणात तो दोनदा, उलटसुलट लागतो. तेवढ्यात स्प्रिंगांवर एका अंगाला दबलेला भार दुसऱ्या अंगाला झोका घेतो. त्यात उताराची भर. १६ टनांचा ट्रक १०० मीटर खाली उतरला की सुमारे १ कोटी ५७ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. ३० अंशांचे ५० लिटरहून अधिक पाणी उकळीला आणायला ती पुरेल. लहान गिअरमध्ये गाडी उतरवली नाही तर ही सारी उष्णता ब्रेकमध्ये जाते आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत.

१० एप्रिल २०१८ रोजी पहाटे याच घाटात मजुरांना घेऊन चाललेले मालवाहू वाहन कठड्यावर आदळून उलटले आणि १८ माणसे गेली. कर्नाटकातून पोटासाठी निघालेली ही कुटुंबे होती. येथे हाती घेतलेल्या ६.४३ किलोमीटरच्या नव्या आखणीत प्रत्येकी तीन मार्गिकांचे दोन जोडबोगदे आहेत, आणि एस वळण वगळले आहे. घाटातला वेळ वाचणार म्हणून या बोगद्यांचे कौतुक अधिक होते. मला त्यातली वाढलेली त्रिज्या अधिक मोलाची वाटते.

शेवटी एक प्रयोग. दोऱ्याला एक नट बांधा. कोनमापक उलटा धरून त्याच्या मध्यबिंदूपासून दोरा सोडा आणि एसटीच्या बाकावर कोनमापकाची सरळ कड बसच्या आडव्या दिशेने, जमिनीला समांतर धरून बसा. मित्राने मोबाइलच्या जीपीएसवर वेग वाचावा. चालकाला विचारून त्याचे लक्ष विचलित करू नये. ६० मीटरच्या वळणावर ताशी ४० वेग असेल तर दोरा खऱ्या उभ्या रेषेशी १२ अंशांचा कोन करतो. पण बसची जमीनच उठावामुळे ४ अंश आत कललेली असते. म्हणून कोनमापकावर सुमारे ८ अंश दिसतील. बस स्प्रिंगांवर थोडी बाहेर झुकते, त्यामुळे एखादा-दुसरा अंश जास्त मिळेल. मिळालेल्या कोनात उठावाचे ४ अंश मिळवा, त्याची टॅन किंमत काढा आणि वरच्या समीकरणातून त्रिज्या शोधा. आणि त्याच वळणावर वाहतूक तुंबून बस उभी राहिली तर दोरा पुन्हा पाहा: नट आता उलट, वळणाच्या आतल्या अंगाला ४ अंश गेलेला दिसेल.