नवा बॉल आणि मधलं तेल

डेट्रॉइट

चि. मुक्ता,


तुझा मेसेज वाचला, व्हिडिओही पाहिले. नवा पर्ल बॉल घेतलास, छान केलंस. रंग तर झकासच आहे. पण "मामा, केवढा वळतो बघ!" एवढ्यावर त्याला पास करून टाकू नकोस. किती वळतो हे दाखवून बॉल विकले जातात. घरी आणल्यावर बघायचं ते निराळं: वळतो कुठे, आणि पिनांवर आदळल्यावर स्वतः कुठे जातो. तुझा प्रत्येक व्हिडिओ पिना पडायला लागल्या की संपतो. म्हणजे मला बघायचं होतं नेमकं तेवढंच त्यात नाही.

आधी तेलाचं बोलू. तुझ्या बोलिंग सेंटरमधलं ऑइल मीडियम आहे असं काउंटरवरच्या मुलाने सांगितलं म्हणतेस. त्याने फक्त प्रमाण सांगितलं. अख्ख्या लेनवर मिळून साधारण 20 ते 25 मिलिलिटर तेल असलं की त्याला मीडियम म्हणतात. चहाचे चार-पाच चमचे, बस. तेवढंच तेल मशीन फाउल लाइनपासून 40 फुटांच्या आसपास पसरवतं आणि पुढचे 20 फूट कोरडे सोडतं. पण लेनच्या रुंदीतल्या 39 बोर्डांवर, म्हणजे फळ्यांवर, ते कसं वाटलंय, यावर सगळा खेळ आहे. रोजच्या हाउस पॅटर्नमध्ये मधल्या बोर्डांवर कडेच्या दहापट तेल असतं. त्यामुळे बॉल थोडा बाहेर गेला तर कोरड्यात पकड घेऊन परत येतो, आत पडला तर तेलावर घसरत पॉकेटपर्यंत, म्हणजे 1 आणि 3 नंबरच्या पिनांमधल्या फटीपर्यंत, पोचतो. लेन तुला सांभाळून घेते. स्पोर्ट पॅटर्नमध्ये हे गुणोत्तर तिनास एकपर्यंत खाली येतं आणि हीच लेन तुझी एकही चूक पदरात घेत नाही. दोन्हीकडे तेल मीडियमच! खेळपट्टी न पाहता गोलंदाजाला शाबासकी देण्यासारखं आहे ते. तेव्हा तेलाच्या पॅटर्नचा कागद माग. लांबी, प्रमाण, गुणोत्तर, तिन्ही त्यावर असतं. लांबीतून 31 वजा केलेस की बॉल साधारण कोणत्या बोर्डावरून वळायला हवा ते कळतं. 40 फुटांना नववा बोर्ड. हा आडाखा आहे, नियम नव्हे. पण सुरुवात कुठून करायची हे तरी ठरतं.

तरीही पारख करायला मीडियम तेलच चांगलं. लेन कोरडी असेल तर प्लास्टिकचा बॉलसुद्धा वळून दाखवतो. तेल भरपूर असेल तर सगळे चकचकीत बॉल निकामी वाटतात आणि घासलेले, खरखरीत बॉल हुशार. मधल्या तेलावरच दोन बॉलमधला फरक उघडा पडतो.

आता काय करायचं ते ऐक. तुझा जुना बॉल, फेज टू, सोबत ने. आधी त्याला 3000 च्या पॅडने घासून घे. दुकानातून आला तेव्हा त्याचा पृष्ठभाग तसा होता. आता लेनवर घासून घासून तो गुळगुळीत झालाय. त्याच्याशी तुलना केलीस तर कुठलाही नवा बॉल थोर ठरेल. मग ताज्या तेलावर दुसऱ्या अ‍ॅरोवरून, म्हणजे दहाव्या बोर्डावरून, दोन्ही बॉल आलटून पालटून टाक. पाय त्याच जागी, वेगही शक्यतो तोच. स्क्रीनवर ताशी अर्ध्या मैलाहून जास्त फरक दिसला तर तो चेंडू हिशेबात धरू नकोस.

रेषा बसली की मुद्दाम चुकव. दोन बोर्ड उजवीकडे टाक, मग दोन बोर्ड डावीकडे. तुझ्या नव्या बॉलची खरी परीक्षा इथे आहे. पर्ल कव्हर तेलावर लांब घसरतं आणि कोरडं लागलं की एकदम वळतं. त्यामुळे बाहेर चुकलेला बॉल उसळी मारून हेडपिनच्या डाव्या अंगाला जाऊ शकतो आणि आत चुकलेला पॉकेटपर्यंत पोचतच नाही. चार बोर्डांच्या फरकात एक स्प्लिट आणि एक पाणचट मार. फेज टू अशा वेळी कंटाळवाणा वाटेल, पण दोन्हीकडून पॉकेटच्या आसपास येईल. माझ्या मते लीगच्या पहिल्या गेमसाठी असा कंटाळवाणा बॉलच हातात हवा. लोक नेमका उलटा बॉल काढतात.

पर्लला मात्र पहिल्याच गेममध्ये नापास करू नकोस. सगळ्यांचे रिअ‍ॅक्टिव्ह बॉल त्याच वाटेवरून जाऊन तेल उचलून नेतात. दुसऱ्या-तिसऱ्या गेमपर्यंत तुझ्या रेषेवरचं तेल विरळ होतं आणि फेज टू लवकर जागा होऊन शक्ती संपवू लागतो. तेव्हा पाय दोन बोर्ड आणि नजर एक बोर्ड डावीकडे घे आणि पर्ल काढ. पहिल्या गेममधला वाह्यातपणा तिथे उपयोगी पडेल. म्हणून म्हणतो, तीन गेम सलग खेळल्याशिवाय मत बनवू नकोस.

आता पिना. पॉकेटचा मध्य साडेसतराव्या बोर्डावर धरतात, आणि बॉल तिथे सहा अंशांच्या आसपास कोन करून शिरला तर सर्वांत उत्तम. सरळ टाकलेल्या बॉलला एवढा कोन मिळतच नाही, म्हणून तर हा वळवण्याचा खटाटोप. चांगल्या स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः चारच पिनांना लागतो: 1, 3, 5 आणि 9. बाकीच्या पिना पिनाच पाडतात. तेव्हा बॉल 9 नंबरच्या जागेवरून मागे गेला की उजवीकडे ढकलला गेला, ते बघ.

10 नंबरची पिन उभी राहिली की तू नशिबाला दोष देतेस. त्याऐवजी 6 नंबरकडे बघ. ती 10 च्या मानेभोवती गरकन फिरून गेली असेल तर मारात जोर होता, जागा केसभर चुकली. पायाने किंवा वेगाने थोडी दुरुस्ती पुरते. पण 6 नंबर सुस्तपणे गटरमध्ये आडवी पडून राहिली, तर बॉलमध्ये दम नव्हता. दम नसण्याचीही दोन कारणं असतात. बॉल लवकर वळून शेवटी सरळ चालू लागला असेल तर त्याने शक्ती आधीच उधळली; अशा वेळी तेल जास्त आहे तिकडे, डावीकडे सरक. पॉकेटमध्ये शिरतानाही घसरतच असेल तर त्याला वळायला वेळ मिळालेला नाही. उजवीकडे कोरड्यात ये किंवा खरखरीत पृष्ठभागाचा बॉल घे. स्कोअरच्या कागदावर दोन्हीकडे नऊच दिसतात. आणि 9 नंबर एकटी उरायला लागली तर बहुधा बॉल फार तिरका शिरतोय. पर्लवाल्यांची ही नेहमीची तक्रार.

बॉल परत आला की पुसण्याआधी उजेडात धरून फिरव. तेलाची वलयं दिसतील, एका बाजूला जवळ जवळ आणि दुसरीकडे पंख्यासारखी पसरलेली. वलयं सुटी सुटी असतील तर दर फेऱ्याला कव्हरचा कोरडा भाग लेनवर टेकतोय. एकावर एक बसली असतील तर बॉल स्वतःच्याच तेलावर घसरतोय. वलयं बोटांच्या भोकांवरून जात असतील तर मात्र दुकानात दाखव. मग मायक्रोफायबरने पूस, दर वेळी. रिअ‍ॅक्टिव्ह कव्हर तेल पितं आणि पिऊन पिऊन मंद होतं.

तुमच्या विचिटा स्टेटचा कॉलेज बोलिंगमध्ये दबदबा आहे, बोलर क्रिस बार्न्स तिथूनच पुढे आला. तिथल्या मुली एवढं सगळं बघताना तुला दिसतील. त्यांच्या शेजारच्या लेनवर उभी राहा आणि त्या बॉल कधी बदलतात ते बघ.

पर्ल ताज्या तेलावर फारच उडतो असं दिसलं तर भोकं बुजवून पुन्हा ड्रिल करण्याच्या फंदात इतक्यात पडू नकोस. आधी 2000 च्या पॅडने चकाकी उतरवून बघ. तो लवकर जागा होईल आणि शेवटी इतका झटकणार नाही. नाही आवडलं तर पॉलिश परत करता येतं. हे काम घरी किंवा सरावात उरकून घे. स्पर्धेचे गेम सुरू झाले की पृष्ठभागाला हात लावता येत नाही.

मामी विचारतेय, थँक्सगिव्हिंगला येणार असशील तर तिकीट आत्ताच काढ. बॉल आणायचाच असेल तर एकच आण. चेक-इन बॅगेतल्या पन्नासातले पंधरा पौंड तिथेच जातात, आणि परत जाताना तुला लाडूही न्यायचे आहेत.

तुझा
नंदूमामा