बोळातला दिवा

[घराच्या दारापासून आतल्या अंगणापर्यंत जाणाऱ्या अरुंद वाटेला बोळ म्हणतात. अशा जागी दिवा कोणता लावावा, तो कोठे लावावा आणि कामाचा दिवा शोभेचाही कसा होतो, हे लेखकाने राजूर येथील एका घराची हकिकत सांगून समजावून दिले आहे.]

जालन्याहून भोकरदनकडे जाताना वाटेत राजूर लागते. टेकडीवरच्या राजुरेश्वर गणपतीमुळे हे गाव सगळ्यांना माहीत आहे. अंगारकी चतुर्थीला तर दूरदूरच्या गावांहून लोक पायी येतात. मी मात्र राजूरला पहिल्यांदा गेलो तो एका विद्यार्थ्याच्या घरी.

हा मुलगा माझ्या मराठीच्या वर्गात होता. एकदा तो चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आला आणि म्हणाला, "सर, दादी पडली. बोळात. हात मोडला तिचा."

त्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. घर जुने होते. मातीच्या जाड भिंती, वर माळवद. मोठ्या दारातून आत गेले की ढाळज, म्हणजे आल्या-गेल्याने बसायची जागा. तिच्यापुढे पंधरा फूट लांबीचा बोळ आणि मग अंगण. बोळ इतका अरुंद की समोरून कोणी आले तर एकाने भिंतीला चिकटून उभे राहायचे. त्याच्या मधोमध एक दगडी पायरी खाली उतरत होती. दादी पहाटे फजरच्या नमाजाआधी वजू करायला अंगणातल्या नळाकडे निघाल्या आणि त्या पायरीवर त्यांचा पाय चुकला.

मुलाचे वडील मला म्हणाले, "सर, अंधार नव्हता हो. दिवा तर रात्रभर जळतो."

खरेच, दिवा होता. ढाळजेच्या तोंडाशी, उंचावर, साठ वॅटचा बल्ब लावलेला होता. मी मुलाला म्हटले, "दिवा लाव आणि अंगणाकडे चालत जा." तो निघाला. त्याच्या पाठीमागे दिवा आणि पुढे त्याची लांबच लांब सावली! पायरीजवळ पोहोचला तेव्हा पायरी त्या सावलीत पार बुडून गेली होती. दिवा पाठीमागे असला की ज्या जागी पाऊल टाकायचे, नेमकी तीच जागा काळी होते. मुलांनो, आज रात्री तुमच्या घरी हा प्रयोग करून पाहा.

त्यातच बोळाच्या भिंतींना गडद तपकिरी तेलरंग दिलेला होता. मळ दिसू नये म्हणून आपण असा मळखाऊ रंग देतो. पण तो मळाबरोबर उजेडही खातो. भिंत पांढरी असेल तर दिव्याचा उजेड तिच्यावर आपटून परत फिरतो आणि कोपऱ्यापर्यंत पोहोचतो. पूर्वी अजिंठ्याच्या लेण्यांत माणसे दाराशी आरसा किंवा चकचकीत पत्रा धरून बाहेरचे ऊन आतल्या चित्रांवर पाडीत असत. चुना दिलेली भिंत काही आरसा नव्हे. पण काम ती थोडेफार तसेच करते.

दादींच्या पडण्याला आणखी एक कारण होते, ते वयाचे. वय वाढले की डोळ्यांना जास्त उजेड लागतो. उजेडातून अंधारात गेल्यावर नजर बसायलाही जास्त वेळ लागतो. तुम्ही धावत जाता त्या बोळात दादींना क्षणभर काहीच दिसत नसेल, हे आपल्या लक्षात येत नाही.

मला त्या वेळी दौलताबादच्या किल्ल्याची आठवण झाली. औरंगाबादजवळचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळचा हा किल्ला तुमच्यापैकी काहींनी सहलीत पाहिला असेल. खंदक ओलांडून वर जाताना तेथे एक भुयारासारखी वाट लागते. तिला 'अंधारी' म्हणतात. ती वळणावळणाची आहे, तिच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत आणि आत दिवसासुद्धा काळोख असतो. वाट दाखविणारा माणूस पूर्वी हातात पेटता टेंभा घेऊन पुढे चालत असे. ही वाट चुकून अशी झालेली नाही. आत शिरलेल्या शत्रूचा पाय अडखळावा, त्याला दिशा कळू नये, म्हणून ती मुद्दाम तशी केलेली आहे. काळोख, अरुंद वाट आणि मधेच येणारी पायरी ही तेथे किल्ल्याची शस्त्रे होती. राजूरच्या त्या घरात शत्रू कोणीच नव्हता. पण तिन्ही गोष्टी जशाच्या तशा हजर होत्या!

दादींचा हात प्लास्टरमध्ये असतानाच घरात दिव्याची चर्चा सुरू झाली. मुलाचे काका शहरात नोकरी करीत. ते ईदला येताना एक झुंबर घेऊन आले. पितळी रंगाच्या पाच फांद्या आणि प्रत्येक फांदीवर मेणबत्तीच्या आकाराचा चाळीस वॅटचा बल्ब. बोळाच्या मधोमध ते टांगले. पहिल्या दिवशी शेजारीपाजारी पाहायला आले. सगळे म्हणाले, वा!

दुसऱ्या दिवशी डोक्यावर गव्हाचे पोते घेऊन येणाऱ्या माणसाने एक फांदी वाकवली. बोळात टांगता दिवा लावताना वर बोट दाखवून भागत नाही. उंच माणूस डोक्यावर ओझे घेऊन खालून जाईल का, हे आधी पाहावे लागते. भिंतीवरचा दिवासुद्धा चार बोटांहून जास्त पुढे आला तर खांद्याला लागतो. शिवाय उघडे बल्ब सरळ डोळ्यांवर येत. डोळे दिपले की पायाखालचे उलट कमी दिसते. आणि खर्च? पाच बल्ब मिळून दोनशे वॅट. दहा तास जाळले तर एका रात्रीत दोन युनिट, महिन्याला साठ! मुलाच्या वडिलांनी तिसऱ्या दिवसापासून झुंबर रात्री बंद करायला सुरुवात केली. म्हणजे दादी पहाटे उठत तेव्हा पुन्हा अंधार.

मी पुन्हा राजूरला गेलो तेव्हा दादी मला म्हणाल्या, "मास्तर, दिवा लई मोठा आणला. पण मी अजून भिंत चाचपतच चालते. आमच्या सासूबाईंच्या वेळी इथं कोनाडे होते. दोन. त्यात तेलाचे दिवे असायचे. वीज आली आणि ह्यांनी ते लिंपून टाकले."

त्यांनी डाव्या हाताने भिंतीवर टकटक केले. एका जागी आवाज पोकळ आला.

येथे जरा थांबून शब्दांविषयी बोलू. भिंतीतल्या त्या खोबणीला मराठीत कोनाडा किंवा देवळी म्हणतात. तुम्ही उर्दूत तिला 'ताक' म्हणता. पण मराठी घरात "ताकात दिवा ठेवा" असे म्हणाल तर लोक हसतील, कारण मराठीत ताक म्हणजे छाछ! 'रोषणाई'चीही अशीच गंमत आहे. उर्दूत 'रोशनाई' म्हणजे बहुधा लिहायची शाई; मराठीत रोषणाई म्हणजे पुष्कळ दिव्यांची सजावट. 'कंदील' हा शब्द मात्र दोन्हींकडे एकच आहे. तो अरबीतून आला आणि इंग्रजीतला 'कँडल' त्याच कुळातला आहे. आणि ज्याला तुम्ही 'चिराग तले अंधेरा' म्हणता, त्याला आम्ही 'दिव्याखाली अंधार' म्हणतो. ही म्हण बोळात दिवा लावताना अगदी शब्दशः आठवावी लागते.

जुन्या घरांतला कोनाडा हा फार विचाराने केलेला असे. जाड भिंतीत तो खोल बसे, म्हणून वाऱ्याने ज्योत विझत नसे. तो वाटेत पुढे येत नसे, म्हणून कोणाला लागत नसे. दिवा वर छतापाशी नव्हे, तर कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर असे, म्हणून थोड्या तेलाचा उजेडही पायांपर्यंत येई. वर कमान असली की ती उजळून निघे आणि न सजवताच सुंदर दिसे. जागा वाचे, तेल वाचे आणि शोभाही होई. फक्त काजळीने कमानीचा माथा काळा होई, एवढाच दोष.

आम्ही गावातल्या वायरमनला बोलावले. लिंपलेला कोनाडा उकरून काढला. तो पायरीच्या थोडा पुढे, अंगणाच्या बाजूला निघाला. जुन्या माणसांनी तो तेथे उगीच केला नव्हता. अंगणाकडे जाणाऱ्याच्या तो समोर येतो, म्हणून सावली मागे पडते आणि पायरीची कड स्पष्ट दिसते. त्यात तीन वॅटचा एक लहान एलईडी दिवा बसविला, पिवळसर उजेडाचा. पांढरा दिवाही चालला असता; पण मध्यरात्री झोपेतून उठलेल्या डोळ्यांना पिवळसर उजेड सोसतो.

हिशेब मुलानेच फळ्यावर मांडला. साठ वॅटचा जुना बल्ब रोज दहा तास लावला तर तीस दिवसांत अठरा युनिट. ज्याला आपण 'झिरो बल्ब' म्हणत आलो तो नावाने शून्य. पण तो साधारण पंधरा वॅट खातो, म्हणजे महिन्याला साडेचार युनिट. आणि हा तीन वॅटचा दिवा? महिन्याला एक युनिटसुद्धा नाही. 2015 साली सरकारच्या 'उजाला' योजनेतून एलईडी दिवे स्वस्तात मिळू लागले, तेव्हापासून असा दिवा रात्रभर ठेवणे कोणालाही परवडते.

मुलाच्या मनात मात्र शोभेची हौस होती. माळवदावर एका मोडक्या खिडकीची लाकडी जाळी पडलेली होती. ती त्याने घासूनपुसून कोनाड्याच्या तोंडावर बसविली. बीबी का मकबऱ्यातील कबरीभोवतीची संगमरवरी जाळी त्याने पाहिली होती. त्यावरूनच त्याला ही कल्पना सुचली. दिवा लावताच समोरच्या भिंतीवर उजेडाची फुले उमटली. सगळे खूश झाले.

दादी पायरीजवळ गेल्या आणि थांबल्या. "फुलं छान आहेत रे," त्या म्हणाल्या, "पण पायरी कुठली आणि सावली कुठली, ते कळेना."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. जाळीची नक्षी पायरीवरही पडली होती आणि तिची कड त्या नक्षीत हरवली होती. मुलगा थोडा हिरमुसला. मग त्याने जाळी काढली, सुताराकडे नेली आणि तिचा खालचा निम्मा भाग कापून आणला. आता वरच्या अर्ध्या भागातून भिंतीवर फुले पडतात आणि खालच्या मोकळ्या भागातून पायरीवर साधा, स्वच्छ उजेड येतो. मला विचाराल तर त्या घरातली सगळ्यांत देखणी वस्तू ती अर्धी जाळीच आहे.

भिंतींना पुन्हा चुना दिला. ढाळजेच्या तोंडाशी असलेला मोठा बल्ब काढून तेथे नऊ वॅटचा एलईडी लावला आणि त्याला जिन्याच्या दिव्यासारखी वायरिंग केली. म्हणजे एक बटण दाराशी आणि दुसरे अंगणाशी. दोन्ही बटणे एकाच दिव्याची. दाराशी दिवा लावावा, बोळ ओलांडावा आणि अंगणाशी बंद करावा. परत फिरून अंधारात यावे लागत नाही. हे काम वायरमननेच करावे. मुलांनी तारांना हात लावू नये. झुंबर बैठकीत गेले. तेथे छत उंच आहे आणि खालून पोती जात नाहीत. ते ईदला आणि पाहुणे आले की लागते.

दुसरा कोनाडाही सापडला, ढाळजेच्या बाजूला. त्यातही दिवा बसवायचा विचार होता. पण दादींनी बसवू दिला नाही. त्यात त्यांनी काच पुसून, घासलेट भरून कंदील ठेवला आहे. वीज गेली की त्या स्वतःच उठून तो लावतात. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, "तो वायरमनचा, हा माझा."

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादी पहाटे कोठे निघाल्या होत्या?
(आ) ढाळज म्हणजे काय?
(इ) दादींनी दुसऱ्या कोनाड्यात काय ठेवले?

2. कारणे द्या.
(अ) दिवा जळत असूनही दादींना पायरी दिसली नाही.
(आ) मुलाने जाळीचा खालचा भाग कापून आणला.
(इ) दौलताबादची 'अंधारी' मुद्दाम काळोखी ठेवली होती.

3. पुढील शब्द मराठीत कोणत्या अर्थाने व उर्दूत कोणत्या अर्थाने वापरतात ते लिहा : ताक, रोषणाई.

4. 'दिव्याखाली अंधार' या म्हणीचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.

5. चाळीस वॅटचा एक बल्ब रोज सहा तास लावला तर तीस दिवसांत किती युनिट वीज लागेल?

6. तुमच्या घरातील बोळ, जिना किंवा ओसरी रात्री पाहा. सावली कोठे पडते व दिवा कोठे असावा, हे पाच-सहा ओळींत लिहा.