रेसिप्रो सॉ : पाते, माल आणि आपली बोटे

जपानमधल्या आपल्या मंडळींच्या घरात हल्ली ड्रिलच्या शेजारी आणखी एक हत्यार दिसू लागले आहे. पुढे लांब पाते, मागे मूठ, आणि घोडा दाबला की पाते पुढे-मागे धावते. होम सेंटरमध्ये याला ‘रेशिपुरो सो’ किंवा ‘सेबा सो’ म्हणतात. आपण रेसिप्रो सॉ म्हणू. जुना पलंग मोडणे, कपडे वाळवायचा स्टीलचा बांबू आखूड करणे, कुंपणातला बांबू काढणे ही कामे ते मिनिटांत करते. गावाकडे स्वस्तात जुने घर घेणाऱ्यांना तर ते लागतेच. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली, आणि त्यांपैकी काही आता आपल्या लोकांकडेही आली आहेत.

आरोग्य आणि अर्थ या सदरात करवतीचे काय काम, असे कोणी विचारील. आपल्यापैकी बहुतेकांचे पोट दहा बोटांवर चालते. घरी झालेली इजा कामगार विम्यात बसत नाही. आरोग्य विमा असला तरी बिलाचे तीस टक्के आपल्याच खिशातून जातात.

आधी हिशेब पाहू. टोकियोच्या २३ वॉर्डांत साधारण ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू ‘सोदाई गोमी’, म्हणजे मोठा कचरा, धरली जाते. तिच्यासाठी २०० आणि ३०० येनांची तिकिटे चिकटवावी लागतात. ती वाचवण्यासाठी पुष्कळ जण पलंग कापायला बसतात. एक मीटर लांबीची फळी ३० सेंटिमीटरच्या आत आणायची तर तीन काप लागतात, आणि पलंगाला अशा बारा फळ्या असल्या तर छत्तीस. तेवढ्या कापांचा आवाज मॅन्शनमधल्या शेजाऱ्यांनी का ऐकावा? शिवाय काही पालिका कापलेले तुकडे नेहमीच्या कचऱ्यात घेतात, काही मूळ वस्तूचाच आकार धरतात. म्हणून आधी वॉर्ड ऑफिसला विचारावे. माझे मत विचाराल तर नुसत्या तिकिटांसाठी हे यंत्र विकत घेऊ नये. एखाद-दुसऱ्या कामासाठी अनेक होम सेंटरमध्ये ते भाड्याने मिळते.

आता पात्याकडे वळू. सारी सुरक्षितता इथे आहे. आपल्याकडचा सुतार करवत पुढे ढकलताना कापतो, जपानी सुतार मागे ओढताना. रेसिप्रो सॉ या बाबतीत जपानी आहे. तिच्या पात्याचे दाते सहसा मुठीकडे झुकलेले असतात आणि काप मागे येताना होतो. त्यामुळे प्रत्येक धावेत पाते माल आपल्याकडे ओढते. पात्याच्या मुळाशी असलेली लोखंडी टेकण, जिला ‘शू’ म्हणतात, मालाला घट्ट टेकवली तर ही ओढ तिथेच अडते. ती मोकळी राहिली तर पाते कापत नाही, सगळे यंत्रच थरथरते आणि पाते वाकते. पुष्कळ जण पात्यावर जोर देतात. जोर द्यायचा तो शूवर.

दुसरी गोष्ट लांबीची. पात्याची धाव साधारण ३० मिलिमीटर असते. मागे आल्यावरही टोक मालाच्या पलीकडे बाहेर राहील इतके लांब पाते लावावे. टोक पाइपच्या आतल्या भिंतीवर किंवा मागच्या भिंतीवर आपटले की यंत्र उसळून अंगावर येते. आणि पलीकडे निघालेले ते टोक आपल्याला दिसत नसते. मालाखाली आधाराला धरलेला हात नेमका तिथेच असतो. म्हणून माल क्लॅम्पने बांधावा आणि दोन्ही हात यंत्रावर ठेवावेत. बायकोला किंवा मुलाला ‘जरा धर’ म्हणू नये.

पात्याच्या पाकिटावर एक आकडा आणि त्यापुढे डोंगराचे चित्राक्षर असते, त्याला ‘यामा’ म्हणतात. एका इंचात किती दाते, हे त्यावरून कळते. मालाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दाते बसले पाहिजेत. एकच दाता बसला तर पत्रा त्यात अडकतो, दाता तुटतो आणि उडतो. लाकडाला ६ ते १०, जाड लोखंडाला १४ ते १८, पातळ पत्र्याला २४ पर्यंत, असा ढोबळ अंदाज. ‘मोक्कोयो’ म्हणजे लाकडासाठी, ‘तेक्कोयो’ म्हणजे लोखंडासाठी, ‘काइताइयो’ म्हणजे पाडकामासाठी. जुन्या लाकडात खिळे असणारच, तिथे मोक्कोयो पाते चालवू नये. काइताइयो पाते लाकूड आणि खिळा दोन्ही कापते.

लाकूड वेगात कापावे, धातू हळू. स्टेनलेस स्टील तर फारच हळू, थोडे तेल लावून. ते घासून तापले की कठीण होते आणि पात्याची धार जाते. कपडे वाळवायच्या दांडीत बहुधा लोखंडी नळीवर स्टेनलेसचे पातळ वेष्टण असते, म्हणून बारीक दाते हवेत. प्लॅस्टिकचा पाइप वेगात कापला तर वितळून पात्याला चिकटतो. ओल्या बांबूला बारीक दात्यांचे पाते लावावे, नाहीतर तो लांब चिरफळतो आणि त्याच्या कडा सुरीसारख्या असतात. स्प्रिंगची गादी कापू नये. ताणलेली स्प्रिंग सुटून कुठे जाईल सांगता येत नाही.

काही वस्तूंना हातच लावू नये. फ्रिज, एसी, टीव्ही, वॉशिंग मशीन यांचा कायदा २००१ पासून वेगळा आहे, त्या विक्रेत्यामार्फत परत जातात. अनेक नव्या फ्रिजमध्ये भरलेला आयसोब्युटेन हा पेटणारा वायू आहे, तेव्हा त्याची नळी कापणे म्हणजे घरात गॅस सोडणेच. शेगडीची गॅसची डबडी आणि लिथियम बॅटरीही कापायच्या नाहीत. यंत्राची बॅटरीही कंपनीचीच घ्यावी. स्वस्त नकली बॅटऱ्यांनी पेट घेतल्याच्या घटनांवर जपानच्या निते या सरकारी संस्थेने वारंवार इशारे दिले आहेत.

भिंत कापायची असेल तर जरा थांबा. आत वायर असते, पाण्याची नळी असते. मेन बंद करून आणि एक लहान भोक पाडून आत पाहिल्याशिवाय पाते घालू नये. भाड्याच्या घरात तर भिंतीला हात लावूच नये, कारण घर सोडताना पूर्ववत करून देण्याचा खर्च आपल्यावर येतो. त्याहून मोठा धोका ॲस्बेस्टॉसचा. जपानमध्ये त्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी आली ती २००६ मध्ये. त्याआधीच्या घरांत छताच्या स्लेट, बाहेरच्या भिंतीचे बोर्ड, जमिनीच्या टाइल यांत तो असू शकतो. करवतीने त्याची धूळ होते आणि तिचे दुखणे काही दशकांनी वर येते. ठेकेदारांना पाडकामाआधी तपासणी सक्तीची आहे, आणि २०२३ च्या ऑक्टोबरपासून ती पात्रताधारक माणसानेच करायची आहे. आपण स्वतः काम करणार असलो तरी फुप्फुस तेच. जुन्या घराचे बोर्ड तपासल्याशिवाय कापू नयेत. साध्या लाकडाच्या धुळीलाही ‘डीएस २’ दर्जाचा मास्क लावावा. चष्मा बाजूने बंद असलेला घ्यावा आणि कानात बोळे घालावेत.

एक इंजिनिअरी हिशेब सांगितल्यावाचून राहवत नाही. जपानच्या जंगलखात्यातल्या चेनसॉवाल्या कामगारांची बोटे कंपनाने पांढरी पडत, त्यामुळे इथे हा विषय जुना आहे. २००९ च्या सरकारी सूचनांप्रमाणे आठ तासांवर काढलेले कंपन ५ मीटर प्रति सेकंद वर्ग याच्या वर जाऊ नये, आणि २.५ च्या वर गेले तर उपाय करावेत. यंत्राच्या पुस्तिकेत कंपनाचा आकडा १५ असेल तर २.५ ची रेषा तेरा मिनिटांत ओलांडली जाते आणि ५ ची सुमारे त्रेपन्न मिनिटांत. हे आकडे कामगारांसाठी असले तरी रविवारच्या सुताराला उपयोगी आहेत. दहा मिनिटे कापावे, मग हात शेकत चहा घ्यावा. बोटांना मुंग्या येत असतील तर त्या दिवशीचे काम तिथेच सोडावे.

भारतातून २३० व्होल्टचे यंत्र आणू नये. इथल्या १०० व्होल्टवर ते मरगळून चालते. इथले यंत्र गावी नेऊन थेट लावले तर मात्र जळते. पाते बदलताना बॅटरी काढावी, आणि नुकतेच काम केलेले पाते बोटांनी धरू नये, ते चटका देते.

खोल जखम झाली तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि ११९ फिरवावा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फावर ठेवावी. तो भाग थेट बर्फात घालू नये. गंजक्या खिळ्याची जखम असेल तर धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले, हे डॉक्टर विचारतात. सर्वांच्या लसींच्या तारखा लिहून ठेवाव्यात.