जिवाणूची शेपटी वळवळते की फिरते?

प्रश्न : जिवाणू शेपटीच्या मदतीने पोहतात, असं वाचलं. ही शेपटी वळवळते की गोल फिरते? तिला ताकद कुठून मिळते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : गोल फिरते. या शेपटीला कशाभिका म्हणतात. ती वळवळत असावी, असाच पूर्वी समज होता. १९७३ मध्ये हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी ती फिरते असं मांडलं. पुढच्याच वर्षी मायकेल सिल्व्हरमन आणि मेल्विन सायमन यांनी ते दाखवूनच दिलं. त्यांनी ई. कोलाय जिवाणूची कशाभिका प्रतिपिंडांच्या साहाय्याने काचेला चिकटवली. शेपटी जखडली गेल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली अख्खा जिवाणूच गरागरा फिरू लागला, कधी सुलट तर कधी उलट. शेपटी नुसती वळवळणारी असती, तर तो जागच्या जागी डुलला असता. अशा सलग गिरक्या त्याने घेतल्या नसत्या.

कशाभिकेचे भाग तीन. बाहेर दिसतो तो मळसूत्री तंतू. फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाचे हजारो रेणू रचून तो बनतो. जाडी सुमारे २० नॅनोमीटर. तो आतून पोकळ असतो. नवे रेणू या पोकळीतून टोकापर्यंत जातात आणि तिथे बसतात, म्हणून कशाभिका बुडाशी नव्हे, शेंड्याशी वाढते. त्यानंतर येतो लवचीक आकडा. आणि पेशीच्या आवरणात रुतलेली कडी आणि आस मिळून होते मोटार.

पेशीतली बरीच कामं एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू खर्चून होतात. ही मोटार फिरते ती मात्र एटीपीवर नाही. श्वसन करताना जिवाणू प्रोटॉन पटलाबाहेर ढकलत राहतो. ते मॉट-ए आणि मॉट-बी या प्रथिनांमधून परत आत शिरतात आणि धरणाच्या पाण्यावर टर्बाइन फिरावं तसं आतलं कडं फिरतं. समुद्रातले काही व्हिब्रिओ जिवाणू प्रोटॉनऐवजी सोडियमचे आयन वापरतात.

मोटारीला उलटसुलट दोन्ही दिशा जमतात. ई. कोलायच्या कशाभिका घड्याळाच्या उलट फिरल्या, की त्यांची जुडी होऊन जिवाणू सरळ पोहतो. एखादी सुलट फिरली, की जुडी विस्कटते, जिवाणू कोलांटी खातो आणि नवी दिशा धरतो. अन्नाकडे जाताना या कोलांट्या कमी होतात.

टायफॉइडसाठीच्या विडाल तपासणीच्या रिपोर्टवर ‘ओ’ आणि ‘एच’ अशा नोंदी असतात. त्यातली ‘एच’ ही साल्मोनेला जिवाणूच्या कशाभिकेविरुद्ध रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांची असते.