मखाण्याने रक्त वाढते का?

गरोदर सुनेचे रक्त कमी निघाले की हल्ली कोणीतरी सांगतेच, ‘मखाणे द्या, ताकद येते.’ पाकिटावरही तसेच छापलेले असते. ताकद म्हणजे नेमके काय, ते मात्र पाकीट सांगत नाही.

मखाणा म्हणजे कमळाचे बी, असे बहुतेकांना वाटते. कमळाचे कूळ वेगळे. मखाणा कुमुदिनीच्या कुळातला. शास्त्रीय नाव युरायल फेरॉक्स. आपल्याकडे येणारा बहुतेक मखाणा बिहारचा, दरभंगा-मधुबनीकडच्या तळ्यांतला. याची पाने परातीहून मोठी, पाण्यावर पसरलेली आणि काट्यांनी भरलेली. फळ फुटले की काळ्या टणक बिया तळाच्या चिखलात जाऊन बसतात. त्या काढायला बुडी मारावी लागते. हे काम पिढ्यान्पिढ्या मल्लाह समाजाच्या वाट्याला आले आहे. धंदा जातीला कसा चिकटतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पुढे बिया वाळवायच्या, लोखंडी कढईत भाजायच्या, दोन-तीन दिवस ठेवून पुन्हा भाजायच्या आणि गरम असतानाच लाकडाने ठोकायच्या. तेव्हा आतली पांढरी लाही बाहेर येते. २०२२ साली ‘मिथिला मखाना’ला भौगोलिक मानांकन मिळाले. माल महाग का, याचे निम्मे उत्तर या मेहनतीत आहे. उरलेले जाहिरातीत.

आता अन्नाचा हिशेब. १०० ग्रॅम मखाण्यात सुमारे ७५ ग्रॅम पिष्ट, ९ ते १० ग्रॅम प्रथिने, आणि लोह जेमतेम दीड मिलिग्रॅम. रक्त वाढायला लागते ते लोह, आणि तेच इथे कमी! फुटाण्यांत प्रथिने साधारण दुप्पट आणि लोह कितीतरी जास्त. शेंगदाण्यांत १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिने. पाव किलो मखाण्याच्या पैशांत किलोभर फुटाणे सहज येतात. मग सुनेला मूठभर फुटाणे द्या, पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा नको. आणि सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, त्या चुकवू नका. मखाणे खाल्ले म्हणून गोळी बंद करणे, हे सर्वांत वाईट.

मखाणा वाईट नाही. त्यात तेल जवळजवळ नसते, म्हणून तळलेल्या फरसाणापेक्षा तो बरा. घरी मंद आचेवर कोरडाच भाजावा. मसाल्याच्या तयार पाकिटात मीठ भरपूर असते. रक्तदाब असलेल्यांनी ते टाळावे. साखरेच्या रुग्णांनी ‘हलका आहे’ म्हणून वाडगे भरभरून खाऊ नये, पिष्ट ते पिष्टच. पाकीट ओलसर, वास येणारे किंवा कीड लागलेले असेल तर परत करावे.

लहान मुलांच्या हातात अख्खा मखाणा देऊ नका, घशात अडकतो. चार वर्षांखालच्या मुलाला द्यायचाच तर भाजून, कुटून, पेजेत घालून द्या.